सीटखालचा स्विच

ताडपत्री ओढली तर आत पालीची दोन अंडी
आणि जूनमधल्या वर्तमानपत्राचा लगदा.
चार महिने मशीन उभं होतं पॅव्हेलियनच्या मागे,
पंपाच्या खोलीला टेकून.
मी बसलो. क्लच दाबला. चावी फिरवली.
काही नाही.
खोकला नाही, साधं टक् नाही,
नुसता एक हिरवा दिवा,
बंद पडलेल्या लिफ्टमधल्यासारखा.

मैदानात गवत घोट्याच्या वर.
रविवारी सामना. दस्तूरसाहेबांचा दोनदा फोन.
माहुलच्या चिमणीचा धूर सरळ वर चाललेला,
म्हणजे वारा नाही,
म्हणजे दहाच्या आत जे होईल ते.

आधी बॅटरी.
टर्मिनलवर मिठासारखं पांढरं फुललेलं.
कँटीनमधून उकळतं पाणी मागितलं,
शेखरने विचारलं, पत्ती टाकू?
ओतलं, दात घासायच्या ब्रशने घासलं, नट आवळले.
काही नाही.
फ्यूज काढून उन्हात धरला. शाबूत.
ब्लेडचा दांडा खाली राहिलाय का? नाही, वरच.
मग पेट्रोल. जुनं, वॉर्निशसारखा वास;
काढून ताजं भरलं,
तेव्हाही ठाऊक होतं मला
की जो जागाच होत नाही
त्याच्यापुढे ताट वाढून काय उपयोग.
तरी भरलं. तरी प्लगसुद्धा काढला,
पॉलिश पेपरने चकचकीत केला, परत लावला.
हात रिकामे ठेवले की खोकला येतो, म्हणून.
वॉचमन म्हणाला, नारळ फोडा.

साडेनऊला कुर्ल्याहून निसार मिस्त्री आला.
स्कूटर लावली, आणि मशीनकडे बघायच्या आधी
माझ्याकडे बघत राहिला जरा.
मग सीटवर बसला, आपलं सगळं पोट घेऊन,
चावी फिरवली,
आणि घर्रर्र.
काळा धूर, कावळे उडाले,
वॉचमनने उगाच टाळी वाजवली.

तो उतरला. बंद.
मी बसलो. काही नाही.
तो बसला. घर्रर्र.
तीनदा केलं आम्ही हे,
चौथ्यांदा करायची मला लाज वाटली.

"सीटखाली स्विच असतो," तो म्हणाला,
"माणूस बसलाय अशी खात्री पटल्याशिवाय
ही बाई उठत नाही.
वजन किती तुझं, भिकाशेठ?"

मे महिन्यात सदुसष्ट होतं.
तेव्हा हीच सीट, हीच चावी, एका झटक्यात.
त्यानंतर शिवडीचं हॉस्पिटल, पिवळं कार्ड,
रोज सकाळी उपाशीपोटी लाल गोळी,
लघवीसुद्धा भगवी.
हे काही मी बोललो नाही.

त्याने सीट उचलली.
"स्प्रिंग गंजली," तो म्हणाला, "पावसाने."
दोघांनी वाकून स्प्रिंगकडे पाहिलं.
स्प्रिंग चकाकत होती.

"दोन उपाय," तो म्हणाला.
"या दोन वायरी कापून एकमेकींना जोडतो,
मग कोण बसलंय, बसलंय का, विचारणारच नाही.
फक्त चक्कर येऊन पडलास
तर पातं फिरत राहील."
मी म्हणालो, नको. विचारू दे तिला.

मग त्याने पॅव्हेलियनच्या पायरीखाली पडलेली
कुणाची तरी एकटी स्लीपर उचलली,
टाचेचा तुकडा कापला,
स्विचवर बसवून सीट दाबली.
दोनशे घेतले. शंभर परत दिले.
"अंडी खा," म्हणाला, आणि स्कूटरला किक मारली.
तीही दोनदा मारावी लागली.

मी चढलो.
टक्, आणि मग घर्रर्र,
सगळं अंग थरथरलं, दात सुद्धा.
पहिली फेरी मी श्वास रोखून काढली,
मांड्या दाबून, होईल तितका जड होऊन,
जणू कुणी परत विचारणार आहे.
सकाळपासून बाउंड्रीवर ताटकळलेले गायबगळे
मागे लागले, नाकतोडे टिपत.
दुसऱ्या फेरीला टोपी उडाली, ती तशीच राहू दिली.
तिसऱ्या फेरीला
जड व्हायचं विसरलो.
चालूच होतं.