उतार तापायच्या आत

कपाटामागे दोन वर्षं उभ्या आहेत
माझ्या स्की, भिंतीकडे तोंड करून,
शिक्षा झालेल्या मुलींसारख्या.
डावीची खीळ तुटली होती सिस्सूला;
ती मी अंबडच्या शेडमध्ये, दुसऱ्या पाळीत,
लेथवर नवी काढली.
फोरमन म्हणाला, हे कोणत्या गाडीचं?
म्हटलं, चढायच्या.

लाहौलात चैत्र पांढरा असतो.
पलजोर अडीचला उठवायचा,
चहात मीठ, आणि बोलणं जवळजवळ नाहीच.
स्कीच्या पोटाला चिकटवायचे केसाळ पट्टे,
पुढे सरकतात, मागे येत नाहीत,
आणि मग नुसतं वर, वर, चार तास.
रात्रीतून काच झालेला बर्फ
नऊ वाजता साबुदाणा होतो.
अर्धा तास. फार तर पाऊण.
तेवढ्यात उतरायचं.
बाराला त्याची खिचडी,
मग डोंगर कुणाचं ऐकत नाही.
पलजोर काठी खुपसून बघायचा किती बुडते,
आणि हनुवटीनेच सांगायचा : आता.

यंदा रजा नाही. पुण्याची ऑर्डर आहे,
आणि गुडघ्यातही काहीतरी सैल.
म्हणून पाचला त्र्यंबक रस्ता धरला,
सातपूरचे दिवे मागे गेले,
अंजनेरी अंधारात अजून नुसती एक जाड रेघ.
मुळेगावात हौसा बेंडकोळी दारातच होती,
वय तेरा,
खांद्यावर शिंदीचं वाळलं झाप.
तिचा भाऊ आमच्या शेडमध्ये ग्राइंडिंगला.
त्यानेच सांगितलेलं : तुमचं ते बर्फाचं खूळ
आमची पोरं गवतावर करतात.

अर्धा उतार वणव्याने काळा,
अर्धा पिवळा, गुडघाभर, एकाच बाजूला निजलेला.
वर कड्यावरून गिधाड सुटलं
आणि पंख न हलवता
खालच्या धुरकटात गेलं.
हौसा गवतावर पालथा हात ठेवते.
थांबा. दव हाय अजून.
आम्ही थांबतो.
कच्ची करवंदं, मीठ, दातांना आंबट शिरशिरी.
मी पिशवीतून तो पट्टा काढून देते,
दाखवायला म्हणून आणलेला.
ती तळवा फिरवते, मग उलटा फिरवते.
इकडून मांजर, म्हणते,
तिकडून कुसळ.

चार डोंगर, दोन जिल्हे, एवढी वर्षं,
आणि मला हे सुचलं नव्हतं.

मग पुन्हा पालथा हात,
आणि हनुवटी.
ती झापावर बसते, देठ दोन्ही मुठींत,
टाच एकदा मारते
आणि नाही. म्हणजे होती तिथे नाही.
गवताचा एक लांब स्सस्
आणि खाली, भेंडाच्या झाडापाशी,
एक निळा फ्रॉक उभा राहतो, हात हलवतो.

माझं झाप तिसऱ्या वळणाला फिरलं.
वळण मीच घेतलेलं, सवयीने,
गुडघे वाकवून, काठ्या नसताना काठ्या टेकवत.
मी आडवी, मग उताणी, मग थांबले.
आभाळ. तोंडात माती.
हसू आलं ते बेचाळीस वर्षांचं नव्हतं.

अजून एकदा? मी विचारलं.
नाय. धोंडे तापले आता,
तापले का सुटतात.
नऊ वाजून वीस झाले होते.
पलजोरला हे सांगायला हवं, वाटलं,
पण कोणत्या भाषेत, आणि काय.

रात्री पलंगावर बसून मोज्यातली कुसळं काढते.
बावीस निघाली.
एक आत गेलंय, घोट्याच्या वर;
ओढलं की अडतं,
चाललं की पुढे सरकतं.
सकाळी पहिली पाळी आहे.
असू दे.
स्की मी भिंतीकडून फिरवून ठेवल्या आहेत.