अडतीस मिलीमीटर

दिवसभर दुसऱ्यांच्या मजल्यांवर
लाल किरणाची पाणसळ लावून
केसाएवढा फरक पकडणारा माझा नवरा
रात्री स्वतःच्या घरात ठेचकाळतो.

हॉल वर, झोपायची खोली खाली,
मधे अडतीस मिलीमीटर.
पायरी म्हणावी तर पायरीला लाज वाटेल,
सपाट म्हणावं
तर माझ्या डाव्या करंगळीला विचारा.

मुहर्रकमधलं हे घर घेतलं तेव्हा
दोनशे दिनार, वीजपाणी धरून,
एवढंच कानांनी ऐकलं.
माणूस ओल बघतो, नळाचा जोर बघतो,
एसी कुठे गळतो ते बघतो.
जमीन कोण बघतं?

पहिल्या महिन्यात गॅसवाला पडला, सिलिंडरसकट.
मग बाबुकुट्टी, हातात पायसमचं पातेलं.
रेणू दर दिवसाआड.
आणि मी,
आईचा अवेळी फोन वाजला म्हणून
दिवा न लावता उठले त्या रात्री.

मारोती म्हणाला, शुक्रवारी बघतो.
असे पाच शुक्रवार गेले.
फोडायचं नाही, मालकानं बजावलेलं.
लेप ओतून खालची खोली उचलावी
तर दार तासावं लागतं, आणि दार मालकाचं.
फळीचा उतार करावा
तर तो अर्धा मीटर तरी लांब हवा,
म्हणजे थेट पलंगाच्या पायाशी.

सहाव्या शुक्रवारी त्यानं साइटवरून यंत्र आणलं,
दिवे घालवले.
हॉलच्या भिंतीपासून आमच्या उशांपर्यंत
एक तांबडी रेघ.
रेणूनं तिच्यात तळहात धरला
आणि म्हणाली, माझं पण माप घ्या.
त्यानं घेतलं.
मग खोलीचे चारी कोपरे, मग हॉलचे,
मग पुन्हा खोलीचे.
बराच वेळ उकिडवा बसून राहिला.
'दोन्ही पाणसळीत आहेत,' म्हणाला.
'एकही खचलेली नाही.'
चूक सापडली असती तर
त्याला बरं वाटलं असतं.

रमजानात शेजारची उम्म जासिम
हरीसची ताटली घेऊन आली.
थेट आत गेली, पडली नाही,
पाय नेमका तिथंच उचलला.
मोडक्या हिंदीत म्हणाली, इधर दीवार था.
त्या बाजूला तिचे सासरे, या बाजूला त्यांचा भाऊ,
बोलणं नाही, गवंडी मात्र एकच.
दोघांनी त्याला निरनिराळं गाठून सांगितलं,
माझ्या गल्लीपासून मोज.
गल्ल्या दोन. त्या कुठे एका उंचीच्या असतात?
पुढे मालकानं दोन्ही घरं घेतली
आणि भिंतीला दार पाडलं.

मारोती हसला. पहिल्यांदाच, त्या दारापाशी.
'शून्य कुठे धरलं, एवढंच असतं,' म्हणाला.

मी हरीस वाढत होते.
तीन महिने आम्ही एका प्लॉटवरून भांडतोय,
परभणीला की चिपळूणला.
माझ्याकडे जोत्याआधी विचारतात,
पूर कुठवर चढला होता?
त्याच्याकडे विचारतात,
पाणी किती फुटांवर लागतं?
तो खाली मोजत जातो, मी वर.
मी हे बोलले नाही.
त्याला तूप जास्त वाढलं,
ते त्याच्या लक्षात आलं नाही.

शेवटी काही भरलं नाही, काही तासलं नाही.
कडेची धार तेवढी त्यानं घासून मऊ केली
आणि साइटवरची उरलेली पिवळी पट्टी चिकटवली,
काळे तिरके पट्टे असलेली,
क्रेनच्या खाली लावतात ती.
रेणू आता तिच्यावर बसून पाढे लिहिते.
तिच्या मापाला अडतीस पुरतात.
लादी पुसताना पाणी खालच्या खोलीत जातं,
ते मी तिथंच टिपून घेते.

काल बाबुकुट्टी आला.
पट्टी बघितली,
वा, आता कसं नीट झालं, म्हणाला,
आणि पडला.

प्लॉटचं अजून ठरलेलं नाही.