मूळचं म्हणजे कधीचं

नाना पेठेतल्या बोळात, शटर अर्धं वर.
लतीफमियाँनी हेरल्डचं आख्खं नाक पुढे पाडून ठेवलंय.
या गाडीचं बॉनेट उघडत नाही, लोटांगण घालतं.
आत इंजिन नाही. ते भोसरीला गेलंय, बोअर मोजायला.
उरला एक खड्डा, आणि त्यात डोकावणारे आम्ही,
मौतच्या विहिरीच्या कठड्यावरून बघतात तसे.

ओजस म्हणतो, आत्या, एस्टीमचं इंजिन बसतं,
मी मोजलंय. पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, एसी.
कात्रजचा जुना घाट चौथ्यात चढशील.
(हेरल्ड तो घाट थांबत, पाणी पीत चढायची.
वजन नको म्हणून आम्ही भावंडं उतरून चालायचो
आणि तिच्याआधी वर पोचायचो.)

कॅम्पातून फरेदून कावराना आलेत.
पँटला गॅलिस, खिशात भिंग.
त्यांचं एकच: मूळचं.
रंग मूळचा, वायरींवरचं कापड मूळचं,
स्क्रूच्या खाचासुद्धा एका दिशेला उभ्या.
"बाई, सुधारलेली गाडी म्हंजे कवळी.
हसते मस्त. पण हसतंय कोण?"

लतीफमियाँ काही म्हणत नाहीत.
दोन्हींचा खर्च एका चिठोऱ्यावर लिहून
त्यांनी तो वायपरखाली अडकवलाय, पोलिसाच्या पावतीसारखा.
मी दोघांनाही मान डोलावते.
सत्तावन्नाव्या वर्षी एवढं जमतंच.

मग सीटखाली शिरलेला मुजम्मिल आतूनच ओरडला,
"मौसी, ये कंपनी का नहीं है."

क्लचवर लाकडाचा ठोकळा.
तीन बोटं जाड, कडा गोल घासलेल्या, दोन पितळी बोल्ट,
वर सायकलच्या ट्यूबची पट्टी, चुकांनी ठोकलेली.
ब्रेकवर एक.
अ‍ॅक्सिलरेटरवर एक, जरा पातळ.

आईची उंची चार फूट आठ.
ससूनला नाइट ड्यूटी, बाळंतिणींचा वॉर्ड.
बाबांना गाडी कधी आलीच नाही.
ते शेजारी बसायचे, मांडीवर तिचा डबा,
आणि समोर बैल आला की आपलाही पाय दाबायचे,
नसलेल्या ब्रेकवर.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फोरमन.
हात मात्र असे, की रंधा मारल्यावर
लाकडाला बोट लावून बघायला नको.

मुजम्मिलने एक सोडवून हातात दिला.
खालच्या अंगाला काळ्या शाईचा छाप:
"आग से दू"
पुढचं करवतीत गेलेलं.
काडतुसांच्या पेटीची फळी.
आणि वर, रबरासकट, मधोमध एक खळगा,
डाव्या पायाच्या चवड्याएवढा.

मी तो कावरानांपुढे धरला.
हा मूळचा, की नंतरचा?
त्यांनी भिंग काढलं. बराच वेळ लावला.
"मद्रासच्या कारखान्यातून नाय आलेला,"
एवढंच म्हणाले, आणि भिंग पुसत राहिले.
ओजसने तोवर टेप लावलेली,
नव्या पेडलवर बसतील का बघत होता.
तो सहा फूट एक. गुडघे हनुवटीला लागतील रे, म्हटलं.
"चालवणार तू आहेस ना," तो म्हणाला.

हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

चिठोरं काढलं, मागे पेन्सिलीने लिहिलं:
ब्रेक नवे. (आईनेही आधी तेच विचारलं असतं.)
इंजिन भोसरीहून येऊ दे, मग बघू.
रंगाचं काही लिहिलं नाही.

"और ये लकडी?" लतीफमियाँ पहिल्यांदाच बोलले.

चप्पल काढली. ठोकळा फरशीवर ठेवून
चवडा खळग्यावर टेकवून बघितला.
बसला नाही. चारी बाजूंनी सांडला.
माझा पाय बाबांवर गेलाय.

लावा परत, म्हटलं.
सीट मागे सरकते ना?