खड्डा क्रमांक चौदा

पालशेतच्या वर, सड्याच्या उतरणीला,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
खोली कातळ लागेपर्यंत.
भागीरथी भुवडने उजाडताना धरलेली पहार
साडेनऊला जांभ्यावर वाजली.
वर न बघता ती म्हणाली, "तळ."

मी उतरलो.
उन्हाकडची भिंत सुरीने तासली,
टेप सोडला, शून्य गवताच्या मुळाशी.
पहिला रकाना रंगाचा.
रंगपुस्तिकेच्या भोकामागे ओलं ढेकूळ धरलं,
पान उलटलं, परत मागे आलो.
२.५ वायआर, तीनावर सहा.
"ह्ये काय लिवलंत?"
गडद लाल, म्हटलं.
"लाल कंचा? काजूच्या बोंडाचा,
का कोकमाच्या सालीचा, दोन दिस उन्हात टाकल्यावरचा?"
ढेकूळ पुन्हा पाहिलं.
दोन दिवस. बरोबर होतं तिचं.

पोत.
चार थेंब पाणी, तळहातावर मळायची,
अंगठ्याने पुढे ढकलत पट्टी काढायची, तुटेपर्यंत.
माझी दीड इंचावर तुटली, तिची दोनावर.
भाकऱ्या थापलेला हात, याला रकाना नाही.
मी लिहिलं, चिकण पोयटा.
ती म्हणाली, वरकस.
एक साल नाचणी, एक साल वरी, मग सोडून द्यायची.
खाली ओढ्याकडे कुर्याट, त्याच्याखाली मळा,
बांधाआड खार,
आणि पुळण, "तितं माड तेवडा हुबा ऱ्हातो."
एका दमात, हात खाडीपर्यंत नेत.
माझ्या नकाशात हा सगळा उतार
एकाच विटकरी रंगाचा.

खडे: शेकडा चाळीस, वाटाण्याएवढे.
मुळं: बारीक, पुष्कळ.
आम्लाला फेस नाही.
उगम: जागेवरच झिजलेला जांभा.

आणि सत्ताविसाव्या सेंटिमीटरवर
करंगळीएवढी काळी रेघ,
डावीकडून उजवीकडे, मध्ये एकदा तुटलेली.
सुरीच्या टोकावर घेतली. कोळसा.
"राब," काठावर उकिडवी बसत ती म्हणाली,
"मामंजी हितं रोप करायचे.
मंग वरची दरड आली, रातची. गोठ्यासकट."

म्हणजे वरची सत्तावीस इथली नव्हेच.
उगम खोडला. वरून घसरत आलेली, लिहिलं.
गोठ्यात काय होतं, विचारलं.
"म्हस," ती म्हणाली,
आणि थोडं थांबून, "म्हस व्हती,"
आणि पहारीला लागलेली माती
बोटाने पुसत राहिली.

चार पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या बांधल्या.
काळ्या रेघेचा नमुना वेगळा घ्यायचा असतो.
घेतला नाही.

खड्डा बुजवताना खालची खाली, वरची वर.
ती टाचा दाबत त्यावरून चार वेळा चालली,
तरी घमेलंभर उरली.
काढलेली माती मागच्या मापात मावत नाही,
हे पुस्तकातही आहे.
तिने घमेलं डोक्यावर घेतलं.
"ऱ्हाऊ दे. मिरचीला व्हईल."