दारावरची पाटी

दहावीला इंग्रजीत मला चौतीस होते.
एक गुण कमी.
ऑक्टोबरात पुन्हा बसले, तेव्हा आई म्हणाली,
परकी भाषा आहे, परक्यासारखीच वागणार.
हे मी कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही.

आधी डॉक्टर रेळ्यांच्या दवाखान्यात पुड्यांवर नावं लिहिली,
मग ग्रँट रोडच्या एका मोठ्या शाळेत तीन महिने,
रजेवरच्या बाईंच्या जागी.
माझं 'व्हेजिटेबल' ऐकून पाचवीतली मुलं
बाकाखाली तोंड लपवायची.
त्यांचं बरोबर होतं. मी त्या शब्दाच्या शेवटी
एक सबंध टेबल मांडत होते.

मग रे रोडची रात्रशाळा. सव्वीस वर्षं.
दिवसाची शाळा सुटली की छोट्यांच्या बाकांवर
मोठी माणसं गुडघे दुमडून बसतात.
खिडकीतून दारूखान्याचा वास:
गंज, डिझेल, नुकतंच कापलेलं लोखंड.

माझ्याकडे हजेरीला 'येस मिस' चालत नाही.
दिवसभरात कुठेतरी वाचलेला एक शब्द द्यायचा.
अर्थ माहीत नसला तरी चालेल,
नसला तर उत्तम.

सुलभा पाताडे कुरिअरच्या गोदामातून 'फ्रॅजाइल' आणते.
म्हणजे काय गं? म्हणजे बाई, हे खोकं जरा कमी जोरात फेकायचं.
झुबेर औषधाच्या दुकानातून 'शेक वेल'.
दोन शब्द झाले रे, म्हटलं, तर म्हणाला,
एक उद्याचा.
इस्राईल जुन्या बोटी तोडतो. त्याने 'मस्टर स्टेशन' आणलं.
माझ्या डिक्शनरीत सापडेना.
त्यानेच सांगितलं, बोट बुडायला लागली
की सगळ्यांनी जमायची जागा.
मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे आपली सात नंबरची खोली.

पहिली दहा मिनिटं ज्याला झोपायचंय त्याने झोपावं.
वह्या मी पेन्सिलने तपासते.
खोडता येतं. चुका माझ्याही असतात.
'अ' आणि 'द' मला अजून पुरते कळलेले नाहीत.
आपण म्हणतो, माणूस आला होता.
कुठला, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं.
इंग्रजीला दर वेळी आधी सांगावं लागतं:
कोणी एक, की तोच.
वर्गाला मी हे असंच सांगते
आणि मग आम्ही सगळे मिळून चुकतो.

मुरुगन वर्षभर हजेरीला नुसती मान हलवायचा.
घरी तमिळ, कामावर हिंदी, शाळेत मराठी;
चौथी भाषा ठेवायला तोंडात जागा नव्हती.
एका फेब्रुवारीत पिशवीतून पितळेची पाटी घेऊन आला,
कुठल्याशा बोटीच्या जेवणघरातली.
चार अक्षरं. पुल.
'पूल म्हणजे ब्रिज,' झुबेर म्हणाला.
वर्ग हसला. मुरुगनही.
पाष्टेमामांनी ती आमच्या दाराला बाहेरून ठोकली.
दार आत उघडतं.

मार्चात तपासणीला साहेब आले.
पाटी वाचली असणार. दार ओढलं.
पुन्हा ओढलं.
मग चौकटीला बूट टेकवून ओढलं.
आत आम्ही चाळीस जण श्वास धरून,
आणि मी उठणार इतक्यात मागच्या बाकावरून
खणखणीत:
'सर, डोन्ट बिलीव्ह. पुश.'

वाक्यात कर्म नाही.
मी दुरुस्त केलं नाही.

शेऱ्यात साहेबांनी लिहिलं,
दारावरील सूचना दिशाभूल करणारी, तत्काळ काढावी.
त्याला पाच वर्षं झाली.
दर दिवाळीला आम्ही ती चिंचेने घासतो.

येत्या मे महिन्यात मी निवृत्त होते आहे.
नव्या बाई परवा वर्ग बघायला आल्या होत्या.
दाराबाहेर बराच वेळ खुडबुड चालली होती.
आत सगळे माझ्याकडे बघत होते.
मी ओठांवर बोट ठेवलं.