दोनशे मीटर

मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.
टिळक टँकच्या उथळ बाजूला
दोन उन्हाळे कठडा धरून काढलेत मी.
तरी पाणबुड्यांचं घड्याळ हवं होतं,
जुनं, स्विस, खरं,
तबकडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत : २०० मीटर.
पुणं समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे,
असं बायको एकदाच म्हणाली.
ती कुठलीही गोष्ट एकदाच म्हणते.

पहिलं पाहिलं लक्ष्मी रोडला, माडीवर, काचेखाली.
काळीभोर तबकडी, नुकतीच न्हाऊन आलेली.
दुकानदारानं दिवा मालवला
आणि ठिपके असे हिरवे पेटले
की माझा हात आपोआप खिशाकडे गेला.
"पन्नास वर्षांपूर्वीचा लेप अंधारात बोलत नाही,"
लोणकर नंतर म्हणाले. "चमकतंय ते परवाचं."

लोणकर म्हणजे यमाजी लोणकर.
खडकीच्या फॅक्टरीत मापाची यंत्रं दुरुस्त करण्यात नोकरी गेली,
घड्याळं संध्याकाळची.
आता रास्ता पेठेत जिन्याखाली एक टेबल,
एक भिंग, दांडीला दोरा बांधलेला चष्मा.
सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. चहा मात्र दोनदा.

दुसरं कोथरूडला, सातव्या मजल्यावर.
खोका होता, कागद होते, पावतीसुद्धा होती,
आणि मर्चंट नेव्हीतला एक मामा होता
ज्यानं ते एडनला घेतलं, मग वादळ, मग एक ग्रीक कप्तान.
मी गोष्ट ऐकत होतो,
भिंग ऐकत नव्हतं.
पट्टा अडकवायचे कान घासून घासून
वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे झालेले,
आणि नंबरातला सात कागदावर साधा,
पोलादावर मात्र त्याच्या कमरेला आडवी रेघ.
"मामा असेल खरा," लोणकर म्हणाले.

तिसरं वानवडीला.
पेडणेकर बाईंनी हिंगाच्या डब्यातून काढलं.
"हे नेव्हीत पाणबुडे होते. बंद आहे. ओलं करू नका."
बस, एवढीच गोष्ट.
बाहेरची कडी उडून राखाडी झालेली,
ठिपके जुन्या तुपासारखे, सगळे सारखे पिवळे,
सेकंदकाट्यावरचा जरा जास्तच.
किंमत विचारली तर म्हणाल्या, तुम्हीच चौकशी करून सांगा,
आणि पावती न मागता माझ्या हातात दिलं.
इतक्या भरवशापुढे घासाघीस कशी करायची
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

जिन्याखाली पाठीचं झाकण उघडलं.
आधी हिंगाचा वास आला.
झाकणाच्या आतल्या बाजूला घड्याळजी सुईनं खूण कोरतात,
सही आणि तारीख, गिऱ्हाइकाला कधीच न दिसणारी.
तिथे चार होत्या.
चौथीवर भिंग थांबलं.
"य. लो.," ते म्हणाले. "मार्च ऐंशी."

मग बराच वेळ काही नाही.
शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत होता.

"सेकंदकाटा मोडला होता. स्विस मिळेना.
एचएमटीचा बसवला मी, रंग मारून.
त्यांना सांगितलं नाही. पैसे पूर्ण घेतले."

जाणकार आता याला अस्सल म्हणणार नाहीत.
तीस हजार तरी उतरतील, हेही लोणकरांनीच सांगितलं,
मामाच्या सातावर बोलले होते
त्याच कोरड्या आवाजात.

मी तिथूनच बाईंना फोन केला.
आधी काट्याचं सांगितलं, मग आकडा, काही न उतरवता.
त्या हसल्या.
"अहो, ह्यांना माहीत होतं. दुरुस्त होऊन आलं
तेव्हाच म्हणाले, सेकंदकाटा आपल्याकडचा दिसतोय.
खाली गेल्यावर तोच तर बघायचे.
चालतोय ना, एवढंच."

मी हे लोणकरांना सांगितलं.
त्यांनी तिसरा चहा मागवला, पैसे स्वतः दिले,
दोन आठवडे लावले, तेल, सील, नवी स्प्रिंग,
आणि झाकणाच्या आत पाचवी खूण कोरली.
चौथीच्या शेजारीही काहीतरी बारीक.
भिंगातून वाचलं : काटा एचएमटी.

दिवसाला चार मिनिटं मागे पडतं.
हात धुताना मी ते काढून ठेवतो.