तीन टक्के

कॅनडा कॉर्नरच्या मागे, तळघरात,
जिथे मोबाइलला रेंज येत नाही,
तिथे मी लोकांचे जबडे उलगडून सपाट करतो.
चौदा सेकंदांत, एका पट्टीवर,
कानापासून कानापर्यंत.

हेमलता गांगुर्डे, वय त्रेचाळीस.
चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर: हनुवटी डावीकडे, मोजून द्या.
झुमके काढले, मंगळसूत्र काढलं,
केसातली पिन तिची तिलाच आठवली.
शिशाचा एप्रन खांद्यावर घेताना म्हणाली,
"आमच्याकडं सेफ्टी शूज, तुमच्याकडं हे."
अंबडला बेअरिंगच्या कारखान्यात तपासणीला आहे,
बावीस वर्षं. हातात व्हर्नियर.
दिवसाला हजार रिंगा, प्रत्येकीला एकच प्रश्न.

पुढचे दात खाचेत धरा.
गिळा, जीभ टाळूला लावा, तशीच ठेवा.
लाल उजेडाची रेघ नाकावरून उतरू द्या.
हलू नका.

यंत्र तिच्याभोवती फिरलं
रात्रपाळीचा वॉचमन फिरतो तसं,
कंटाळून, पण एकही कोपरा न सोडता.

पडद्यावर हाडं आली.
सांध्याच्या डोक्यापासून खालच्या कोनापर्यंत
कडेला टेकून एक रेघ ओढली, तिला काटकोनात दुसरी.
उजवी बासष्ट. डावी सत्तावन्न.
वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले शंभर:
चार पॉइंट दोन.

"लिमिट किती?" मागून आवाज आला.
दार लावायला मी विसरलो होतो.
तीन, म्हटलं. वर गेलं तर फरक खरा धरायचा.
"आणि आत असलं तर?"
तेवढा नुसती मान वळल्यानंही येतो.
"म्हणजे गेजचीच चूक तीन टक्के?"
ती हसली, डावीकडे जरा जास्त.
"असला गेज आम्ही भंगारात घालतो."

मग मी चित्र पुन्हा पाहिलं.
एका बाजूच्या दाढा पसरलेल्या, दुसऱ्या बाजूच्या चेपलेल्या.
हाडं तेवढी वाकडी नव्हती. मान वळली होती.
विचारलं, तर उजव्या कानावर हात ठेवून म्हणाली,
"प्रेस शॉपला होते आठ वर्षं. हा गेला.
कुणी बोललं की डावा आपोआप पुढं होतो."

हलू नका, हे मीच म्हटलं होतं.
आणि ती ते ऐकायला वळली होती.

दुसऱ्यांदा मी बोललो नाही.
काचेपलीकडून हात वर केला, हात खाली केला.
एकसष्ट. अठ्ठावन्न.
अडीच.

झालं, पास, असं म्हणणार तेवढ्यात
तिनं पट्टी उजेडाकडे धरली.
चित्रात डावं उजवीकडे दिसतं,
हे तिला सांगावं लागलं नाही.
बोट बरोबर रिकाम्या जागेवर.
"ही सिन्नरला काढली, एकोणिसाव्या वर्षी,
साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात. दुखत होती, दुसरं काय.
तेव्हापासून सगळं उजवीकडंच चावते.
हे तुमच्या रेघेत कुठं येतं?"

येत नाही.

रिपोर्टवर टाइप केलं: फरक मर्यादेत.
खाली, तशी पद्धत नसताना:
रुग्णास उजव्या कानाने कमी ऐकू येते.
एवढं टाइप करायला मला बराच वेळ लागला.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती थांबली,
झुमका अडकवत.
"दोनदा काढला ना फोटो. बिल एकाचंच लावा.
रिवर्क तुमचं."
आणि वळून उभी राहिली, डावा कान पुढे करून.

मी मान हलवली.